हौदाचं गणित

पहाटे पाचला पंपाचा दांडा कण्हायला लागतो
तेव्हा मी उठते. अख्खं गाव माझ्याआधी उठलेलं असतं.
बादल्या रांगेत, निळ्या, पिवळ्या, काही मालकिणींविना:
बादली उभी असली की माणूस उभं असल्यासारखंच.

पहिल्या आठवड्यात मीही डोक्यावर घेऊन पाहिली.
निम्मी शाळेपर्यंत पोचली, निम्मी माझ्या पाठीवरून गेली.
बायका तोंडावर हसल्या नाहीत.
वळल्या, आणि मग हसल्या.

आठवीत एकशे चार मुलं, एकोणीस बाकं.
खिडकीत बसलेल्यांना मी हजेरीत धरते,
खिडकीबाहेर उभ्या असलेल्यांना निम्मं.
फळा म्हणजे भिंतीचाच काळा केलेला तुकडा,
जुने सेल फोडून, आतली पूड कालवून
दर सत्राला मुलंच सारवतात.

त्यावर एकदा लिहिलं, लहानपणापासून तोंडपाठ असलेलं:
एक नळ हौद सहा तासांत भरतो,
दुसरा तोच हौद नऊ तासांत रिकामा करतो.
दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले तर...

फालेसीनं हात वर केला.
'मॅडम, दुसरा का चालू ठेवला?'

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही कुणाला नाही.
म्हटलं, समज, बंद करायचा राहिला.
'इतके तास?' ओबेद म्हणाला.
'घरात कुणीच नाही का?' खिडकीबाहेरून.
मग वर्ग आपापसात, चिचेवात, घाईघाईनं
त्या घराची चौकशी करू लागला.
कुणीतरी गेलं असेल. सगळे मयताला गेले असतील.
म्हातारी मागे राहिली असेल, तिला ऐकू येत नसेल.
आंब्याला टांगलेली ट्रकची रिम वाजली
तेव्हा हौद काही भरला नव्हता,
माणसं मात्र घरी परतली होती.

कोठीत, खडूंच्या खोक्यांमागे
माझ्याआधी आलेल्यांचं सामान आहे:
तारा नसलेली गिटार, बर्फात घालायचा बूट, एकच,
आणि कसलंसं व्याकरण, वाळवीनं मधोमध वाचलेलं.
मुख्याध्यापक चिंगाइपे किल्ल्या खुळखुळवत ओळख करून देतात:
हा मासे न खाणारा. तळ्याकाठी येऊन मासे न खाणारा!
हिला कोंबड्यानं चोच मारली होती.
हा दर रविवारी रडायचा, मग जेवायचा चांगला.
नावं त्यांना आठवत नाहीत, किंवा ते सांगत नाहीत.
शिकवायचे काय?
ते थोडा वेळ बाहेर रिमकडे बघतात.
'इंग्रजी असेल,' म्हणतात.

घरी फोनवर मी सांगते, शिकवते.
डोंगरीवर चढलं की रेंज येते, तिथून एवढंच सांगून होतं.
सांगत नाही की तापानं पडले होते, तेव्हा सलग आठ दिवस
दाराशी भरलेली बादली असायची.
पाण्यावर हिरवी पानं तरंगत असायची.
मला वाटलं, औषध. दोन पानं चावूनही पाहिली.

बरी झाल्यावर फालेसीला विचारलं.
ती म्हणाली, पानं घातली की पाणी हिंदकळत नाही.
'मग आधी का नाही सांगितलंत?'
तिनं जरा विचार केला.
'आम्हाला वाटलं, तुम्हाला भिजायला आवडतं.'

आज पानं घातली. गिरणीपर्यंत थेंबही नाही.
पुढे मासे वाळत घालणाऱ्या कुणीतरी हाक मारली,
आणि मी, सवयीनं, मान वळवली.

ओल्या पाठीनं वर्गात शिरले.
एकशे चार जणांनी उठून नमस्कार केला, कुणी हसलं नाही.
फळ्यावर कालचा हौद तसाच होता, पुसायचा राहिलेला.
दुसऱ्या नळाखाली कुणीतरी
खडूनं एक बादली काढून ठेवली होती.